सुरतला ढग होते, आता लक्सरचं प्लॅनिंग

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे, तिच्यात फक्त ट्रिपा आहेत. त्यातल्या बहुतेक अजून झालेल्या नाहीत, काही कदाचित कधीच होणार नाहीत, पण कुठल्या महिन्यात जायचं, गाडी कुठे बदलायची, थंडी किती असेल, सगळं नीट लिहिलेलं आहे. आई अजूनही विचारते, अगं जायचंच नाहीये तर एवढं कशाला लिहीत बसतेस? मी तिला सांगते की लिहिताना जे कळतं ना, तेच अर्धी ट्रिप असतं.

उदाहरण देते. बोलिव्हियातलं उयुनीचं मिठाचं मैदान, दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, समुद्रसपाटीपासून साधारण ३६५० मीटर उंचीवर. पाऊस पडून गेला की त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि आख्खं आभाळ पायाखाली दिसतं. हे पाहायचं तर जानेवारी ते मार्च, कारण तिथला पावसाळा तेव्हा. जून-जुलैत गेलात तर कोरडं, पांढरं, भेगाळलेलं मीठ मिळेल, तेही सुंदरच, पण आरसा नाही. म्हणजे तारीख आपल्या रजेवर ठरत नाही, निसर्ग ठरवतो. आणि तारखेच्या बाबतीत सगळ्यात कडक निसर्ग कुठे असेल तर तो ग्रहणात, तिथे चुकायला मिनिटभराचीही सूट नाही.

२२ जुलै २००९. त्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेवरून जाणार होता, म्हणून आम्ही चौघं आदल्या रात्री ट्रेनने गेलो. पहाटे एका बिल्डिंगच्या गच्चीवर चढलो, चष्मे तयार, आणि वर नुसते ढग. सव्वासहानंतर एकदम अंधारलं, पक्षी गप्प झाले, खालच्या रस्त्यावरून लोकांचा आरडाओरडा ऐकू आला, तीन मिनिटांनी परत उजाडलं, सूर्य काही दिसला नाही. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. परत येताना ट्रेनमध्येच वहीत पहिलं पान लिहिलं : पुन्हा कधी, कुठे?

याचं उत्तर आकाशातच असतं. ग्रहण व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. अमावस्या हवी. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते त्या बिंदूजवळ चंद्र हवा (आपल्या पंचांगातले राहू आणि केतू म्हणजे हेच दोन बिंदू, राक्षस नाहीत). आणि खग्रास हवं असेल तर चंद्र पृथ्वीच्या पुरेसा जवळ हवा, नाहीतर त्याची थाळी लहान पडते आणि कंकणाकृती ग्रहण होतं. या तिन्हींची चक्रं वेगवेगळ्या लांबीची आहेत, पण १८ वर्षं, १० किंवा ११ दिवस (मधे लीप वर्षं किती आली त्यावर) आणि साधारण ८ तासांनी ती जवळपास एकदम जुळतात, मग आधीच्यासारखंच ग्रहण पुन्हा होतं. याला सारोस चक्र म्हणतात आणि बॅबिलोनियातल्या लोकांना हा काळ हजारो वर्षांपूर्वी माहीत होता, दुर्बीण नसताना, नुसत्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या नोंदींवरून.

आता त्या वरच्या ८ तासांकडे बघा. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, त्यामुळे तेच ग्रहण पुढच्या वेळी तिथेच दिसत नाही, साधारण १२० अंश पश्चिमेला सरकतं. सुरतवालं २००९ चं ग्रहण पुढे चीनवरून जाऊन पॅसिफिकमध्ये त्याच्या मध्यावर पोचलं होतं. त्यात १८ वर्षं ११ दिवस मिळवले की येतो २ ऑगस्ट २०२७, आणि मध्य सरकून येतो इजिप्तमध्ये, लक्सरजवळ. म्हणजे जे ग्रहण माझ्या हातून ढगांमुळे निसटलं त्याचंच पुढचं भावंड वाळवंटात येतंय, जिथे ऑगस्टमध्ये आभाळ जवळपास कोरं असतं! हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

खग्रास स्थिती तिथे ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत टिकणार आहे. म्हणजे सुरतेच्या जवळजवळ दुप्पट. का, तर चंद्र तेव्हा पृथ्वीच्या अगदी जवळ असेल, आणि सूर्य थोडा लांब, कारण जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते. शिवाय दुपारी एकच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल. चंद्राची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे पळते आणि पृथ्वीसुद्धा त्याच दिशेने फिरते, त्यामुळे अशा जागी उभा असलेला माणूस सावलीबरोबर थोडा थोडा पळतच असतो आणि ती त्याच्यावरून सावकाश जाते.

मग वहीतलं पान भरायला लागतं. कैरोला राहिलं तर चालणार नाही, कैरो खग्रासच्या पट्ट्याबाहेर आहे, तिथे थोडासा सूर्य उरेलच, आणि उरलेला एक टक्का सूर्यसुद्धा सगळी मजा घालवतो. म्हणून कैरोहून रात्रीच्या ट्रेनने लक्सर. दुपारी चाळीस अंशांच्या वर तापमान, तेव्हा पाणी, टोपी, सावलीची जागा. ग्रहणाचा चष्मा प्रत्येकाला एक, आणि तो फक्त पूर्ण झाकलेल्या त्या सहा मिनिटांतच काढायचा, आधी नाही, नंतर नाही. कॅमेरा? मी लिहिलंय, नको. सहा मिनिटं डोळ्यांनी बघायचं. ज्यांना जाणं जमणार नाही त्यांना त्या दिवशी संध्याकाळी मुंबईतूनसुद्धा खंडग्रास दिसेल, ढग नसतील तर.

या ग्रहणाच्या बाबतीतली सगळ्यात भारी ट्रिप मात्र १९७३ मध्येच होऊन गेली. ३० जूनला याच कुटुंबातलं ग्रहण सहारावरून गेलं, जमिनीवर जास्तीत जास्त ७ मिनिटं ४ सेकंद. फ्रान्सच्या पिएर लेना या खगोलशास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं की सावलीच्या वेगाने उडणारं विमान मिळालं तर? कॉन्कॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होतं. त्याने चाचणी वैमानिक आंद्रे तुर्का यांना जेवताना ही कल्पना सांगितली आणि ते तयार झाले. विमानाच्या छताला दुर्बिणींसाठी खिडक्या पाडल्या, कॅनरी बेटांवरून उड्डाण केलं, आवाजाच्या दुप्पट वेगाने सावली गाठली आणि चक्क ७४ मिनिटं सावलीत राहून चाडमध्ये उतरले. सावलीला गाठायची वेळ थोडी जरी चुकली असती तरी सगळं हुकलं असतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आफ्रिकेचा नकाशा काढून तो मार्ग बोटाने फिरवून बघितला होता.

आणि बोटाने फिरवताना आनंद होतो, तो खोटा नसतो. हॉलंडमध्ये १५३० प्रौढांचा एक अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुट्टीवर जाणारे लोक जायच्या आधी इतरांपेक्षा जास्त खूश होते, पण आल्यावर बहुतेकांत काही फरक राहिला नव्हता, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांनाच थोडा टिकला. मला वाटतं तो आधीचा आनंद कल्पनेतून येत असणार, आणि कल्पना हे मेंदूसाठी खरंखुरं काम आहे. २००७ मध्ये डेमिस हसाबिस (होय, ज्यांना पुढे २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेच) आणि लंडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला भाग खराब झालेल्या पाच जणांना सांगितलं, कल्पना करा की तुम्ही पांढऱ्या वाळूच्या सुंदर किनाऱ्यावर पडला आहात. वाळू, समुद्राचा आवाज असे तुकडे त्यांच्यातल्या काहींना सांगता आले, पण ते एकमेकांना जोडून एक आख्खी जागा उभी राहिना. आठवणी साठवायला लागणारा भागच न पाहिलेली जागा रचायलाही लागतो. म्हणजे मी लक्सरचं पान लिहिते तेव्हा सुरतेची ती अंधारलेली गच्ची, तो आरडाओरडा, सगळं त्यात वापरलं जात असणार, ढग तेवढे बाजूला काढून.

आईने परवा वही हातात घेतली, चाळली आणि विचारलं, त्या ट्रेनला खालचा बर्थ मिळेल ना गं? मी तिचं नाव लिहून टाकलं. आणि पुढच्या पानावर आत्ताच तारीख टाकून ठेवलीये, २०२७ मध्ये १८ वर्षं १० दिवस मिळवून : १२ ऑगस्ट २०४५, कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा.