भूल कोण देणार?

ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न असतो, "सर्जन कोण?" मग खर्च, मग मेडिक्लेम. "भूल कोण देणार?" हे विचारणारी घरं मला मुंबईत क्वचितच भेटली. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून ते लक्षात राहतं. पण लोकांचा यात दोष नाही. आमचा व्यवसाय ज्या रीतीने घडला, त्यातच याचं कारण आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगायला देऊन एका रुग्णाच्या मानेवरची गाठ वेदनेविना काढू दिली. पुढच्या मार्चमध्ये कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं होतं. मुंबईत भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. आपल्याकडच्या हवेत मात्र ईथर कठीण. ते साधारण ३५ अंशांना उकळतं, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी बाटली उघडली की उडायलाच लागतं, आणि वाफेला दिव्याची ज्योत लागली तर भडका. १८४७च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या डॉक्टर सिम्प्सनने क्लोरोफॉर्म पुढे आणलं. ते सहज पेट घेत नाही, ६१ अंशांना उकळतं, आणि फडक्यावर चार थेंब टाकले की काम होतं.

माझ्या मते आमच्या व्यवसायाची अडचण या सोपेपणातून सुरू झाली. यंत्र नको, वेगळं शिक्षण नको, तेव्हा सर्जनच्या हाताखाली जो मोकळा असेल त्याच्या हातात बाटली दिली जायची. धोका मात्र लगेच दिसला होता. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. क्लोरोफॉर्म आधी श्वास बंद पाडतं की थेट हृदय, हा वाद सोडवायला निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको, असा त्यांचा कौल होता. हृदयही थेट बंद पडू शकतं, हे पुढे सिद्ध झालं. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी डॉक्टर क्लोरोफॉर्म देत होती, जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. आमच्या शिक्षणात तिचं नाव मला कोणी सांगितलं नाही, मी ते पुढे स्वतः शोधून वाचलं.

१९२४च्या जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ते पुरं केलं. सर्जन कर्नल मॅडॉक यांचं नाव आजही घेतलं जातं. त्या अंधारात उशाशी बसून भूल कोण सांभाळत होतं, हे कोण विचारतं?

कलाटणी मिळाली ती जानेवारी १९४२ मध्ये. कॅनडात भूलतज्ज्ञ ग्रिफिथ यांनी ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं. या औषधाने स्नायू सैल पडतात. पोट उघडणं सोपं होतं, पण श्वासाचे स्नायूही थांबतात. आता घशात नळी घालून रुग्णाचा श्वास दुसऱ्या कोणीतरी चालवायचा. हे काम मोकळ्या माणसाचं राहिलं नाही. भारतातल्या भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ मध्ये उभी राहिली. १९६८च्या फेब्रुवारीत परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. असं ऑपरेशन भुलीच्या पक्क्या शास्त्राशिवाय करताच आलं नसतं.

आज भूलतज्ज्ञ व्हायला एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी. माझ्या आधीच्या पिढीतले अनेक जण दोन वर्षांचा डीए हा भूलशास्त्राचा डिप्लोमा करून आले आणि उत्तम काम करून गेले. पण शिकून बाहेर पडल्यावर मुंबईत वाट वेगळीच लागते. इथे रहिवासी इमारतींच्या तळमजल्यावर, दुकानांच्या वर, छोटी नर्सिंग होम्स आहेत. त्यांना पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही. सर्जन फोन करतो, "उद्या सकाळी सात, एक हर्निया." मग लोकलने किंवा स्कूटरवरून बॅग घेऊन निघायचं. बॅगेत लॅरिंगोस्कोप, म्हणजे नळी घालताना घसा दाखवणारं दिव्याचं उपकरण, वेगवेगळ्या मापांच्या नळ्या, स्पायनलच्या, म्हणजे पाठीतून भूल द्यायच्या सुया, स्नायू सैल करणारं स्कोलिन, नाडी मंदावली तर लागणारं अट्रोपिन. लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे मी घरून निघताना बघते आणि टेबलापाशी पुन्हा बघते. आमचे पैसे बहुतेकदा सर्जनच्या बिलातली एक ओळ असतात. रुग्ण आम्हाला पाहतो ती पाच मिनिटं, तीही घाबरलेल्या अवस्थेत.

लोक याला "झोपेचं इंजेक्शन" म्हणतात. झोपलेला माणूस हाक मारली तर उठतो, कूस बदलतो, श्वास स्वतः घेतो. आमचा रुग्ण यातलं काही करत नाही. पूर्वी त्याच्या नखांचा, ओठांचा रंग बघत बसायचे, आणि सावळ्या कातडीवर तो निळसरपणा उशिरा कळतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४च्या शोधातून पल्स ऑक्सिमीटर आला. करोनात तो घरोघरी पोचला. ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरला मात्र सूर असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की "टिक"चा स्वर खाली येतो. मी पाठमोरी औषध भरत असले तरी तो उतरता सूर मला कळतो आणि हात आपोआप थांबतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मुलुंडच्या एका आजींना बघायला गेले होते. "आजी, तोंड मोठ्ठं उघडा. कवळी आहे? मान मागे करा. गोळ्या कुठल्या चालू आहेत?" त्यांनी उशाखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात रक्त पातळ करायची गोळी होती, फाइलमध्ये कुठेच न लिहिलेली. ती चालू असताना पाठीत सुई घातली तर मणक्यात रक्त साठून पाय कायमचे जाऊ शकतात. सर्जनला फोन केला, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली आणि तारीख आठ दिवस पुढे नेली. मुलगा चिडला, सुट्टी वाया गेली म्हणाला. आजी काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी स्पायनल दिलं, आणि कमरेखाली काही कळत नसताना त्या तासभर मला गुहागरच्या घरातल्या विहिरीबद्दल सांगत होत्या.