लाँग मेलफर्ड येथील होली ट्रिनिटी चर्च

इंग्लंडच्या सफक परगण्यातील लाँग मेलफर्ड गावचे उत्तर-मध्ययुगीन पॅरिश (म्हणजे स्थानिक धर्मक्षेत्राचे) चर्च. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, येथील चर्चचा उल्लेख येतो. तेव्हा गावची जहागीर बेरी सेंट एडमंड्सच्या मठाकडे होती. आजची वास्तू मुख्यतः १४६७ ते १४९७ च्या सुमारास, पर्पेंडिक्युलर या इंग्लिश गॉथिक शैलीत उभी राहिली. एखाद्या खेड्याचे चर्च म्हणून ती विलक्षण मोठी आहे. एवढे मोठे चर्च म्हटले की कॅथीड्रल आठवते, पण कॅथीड्रल बिशपचे असते. हे मात्र गावकऱ्यांचे चर्च आहे, आणि कोणकोणत्या गावकऱ्यांनी पैसा दिला हे ते आजही भिंतीवर लिहून दाखवते.

हा पैसा लोकरीचा होता. पंधराव्या शतकात सफकचे जाड लोकरी कापड दूरवर विकले जाई आणि मेलफर्डचे कापड-व्यापारी गब्बर झाले होते. चर्चचा पूर्वेकडील भाग, म्हणजे चान्सेल, राखण्याची जबाबदारी रीतीप्रमाणे धर्मगुरूकडे असे. लोक जिथे उभे राहत ते मोठे दालन, म्हणजे नेव्ह, पॅरिशच्या लोकांनी सांभाळायचे. मेलफर्डमध्ये हे दालन नऊ कमानींचे आणि सुमारे ४६ मीटर लांब आहे. पश्चिमेकडील पाच कमानी आधीच्या इमारतीतल्या असाव्यात. कमानींच्या वर खिडक्यांची अखंड रांग आहे. बारीक दगडी खांबांनी विभागलेल्या या उंच खिडक्यांमुळे भिंत जवळजवळ उरतच नाही, आणि हेच या शैलीचे मर्म आहे.

या भागात चांगला बांधकामाचा दगड मिळत नाही, मुबलक मिळते ती गारगोटी. कारागिरांनी गारगोटी फोडून तिचा काळसर, चकचकीत पृष्ठभाग दर्शनी बाजूस ठेवला आणि दुरून आणलेल्या फिकट दगडाच्या चौकटींत ती सपाट बसवली. फ्लशवर्क नावाच्या या कामात येथे नुसती नक्षी नाही, अक्षरेही आहेत. अमुक-अमुक आणि त्यांच्या पत्नी यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा, त्यांच्या धनातून हे काम झाले, असे हे लेख सांगतात. रॉजर मोरिएल याच्या पैशातून सहा कमानींचे काम झाल्याचा लेख त्यांपैकीच एक. याला केवळ बडेजाव म्हणणे अन्यायाचे ठरेल. मृत्यूनंतर आत्मा शुद्धिस्थानात यातना भोगतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, अशी त्या लोकांची ठाम श्रद्धा होती. वाटसरूने नाव वाचावे आणि दोन शब्द प्रार्थना करावी, एवढीच ती मागणी होती.

बांधकामामागचा प्रमुख माणूस जॉन क्लॉप्टन. इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबयुद्धांच्या काळात, १४६२ मध्ये, राजद्रोहाच्या आरोपाखाली तो ऑक्सफर्डच्या अर्लबरोबर (अर्ल म्हणजे बडा सरदार) पकडला गेला. अर्लचा शिरच्छेद झाला, क्लॉप्टन सुटला. त्याची कबर चान्सेलच्या उत्तरेस, मुख्य वेदीजवळ आहे. पवित्र आठवड्यात ख्रिस्ताच्या थडग्याचे प्रतीक म्हणून हीच जागा वापरली जाई. शेजारच्या चँट्री चॅपलमध्ये, म्हणजे मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या छोट्या दालनात, त्याच्या कुटुंबासाठी मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधी) होत. तिथल्या छताखाली बेरीच्या मठातील कवी जॉन लिडगेट याच्या ओळी रंगवलेल्या आहेत.

इंग्लंड प्रोटेस्टंट पंथाकडे वळत असताना १५४७ मध्ये कायद्याने चँट्री बंद केल्या आणि मृतांसाठीच्या मिस्सा थांबल्या. या बदलांआधीचे चर्चचे रूप आपल्याला कळते ते रॉजर मार्टिन याच्यामुळे. कापड-व्यापारी घराण्यातला हा गृहस्थ कॅथलिकच राहिला आणि म्हातारपणी त्याने लहानपणी पाहिलेले सारे लिहून ठेवले: मुख्य वेदीमागे एकाच प्रचंड झाडातून कोरलेली, सोन्याने मढवलेली ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा, नेव्ह आणि चान्सेल यांच्यामधल्या क्रूसाच्या माळ्यावरचा ऑर्गन, झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आणि तेव्हा मुलांमध्ये वरून फेकली जाणारी फुले. आपल्या घराण्याच्या चॅपलमधला क्रूस त्याने घरी जपला होता. तो मोडकळीला आला आहे, वारस तो दुरुस्त करून एक दिवस जागेवर बसवतील, अशी आशा तो व्यक्त करतो. मध्ययुगीन इंग्लिश चर्चच्या अंतर्भागाचे इतके जिव्हाळ्याचे वर्णन क्वचितच सापडते.

या बदलांत बरेच नाहीसे झाले, तरीही पुष्कळ वाचले. उत्तरेकडच्या खिडक्यांत एकत्र केलेल्या पंधराव्या शतकातील रंगीत काचांवर क्लॉप्टनचे नातलग आणि त्या काळचे मानकरी गुडघे टेकून बसलेले दिसतात. तीन पूर्वदेशीय ज्ञानी बाळ येशूला वंदन करत असल्याचे चौदाव्या शतकातील अलाबास्टर शिल्प अठराव्या शतकात जमिनीखाली सापडले.

पूर्व टोकाला १४९६ चे लेडी चॅपल, म्हणजे मरियामातेचे चॅपल, आहे. मधली खोली आणि तिच्याभोवती फिरता येईल असा मार्ग, अशी त्याची रचना इंग्लंडमध्ये दुर्मीळच. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गावची शाळा भरू लागली. भिंतीवर रंगवलेला पाढ्यांचा तक्ता अजून आहे.

मूळ मनोरा १७१० च्या सुमारास वीज पडून नष्ट झाला. त्याजागी बांधलेला विटांचा साधा मनोरा चर्चला शोभत नव्हता. वास्तुविशारद जी. एफ. बोडली याच्या आराखड्यानुसार त्याला गारगोटी व दगडाचे आवरण चढवून उंची वाढवण्यात आली आणि हे काम १९०३ मध्ये पूर्ण झाले. चर्चमध्ये आजही नियमित उपासना होते.