‘ईझी टू सी’ म्हणजे कोणाला दिसायला सोपं?

डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाहुली टेबलावर ठेवली आहे. समोरच्या मुलाला इंग्रजीत विचारलं जातं, ‘इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?’ बाहुली तर समोर ढळढळीत दिसते आहे, म्हणजे उत्तर ‘ईझी’. पण पाच-सहा वर्षांची बरीच मुलं ‘हार्ड’ म्हणाली. ‘बरं, मग तिला ईझी टू सी कर’ असं सांगितल्यावर त्यांनी बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी काढली.

कॅरल चॉम्स्की या अमेरिकन भाषावैज्ञानिकेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेला हा प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं घरीदारी अस्खलित इंग्रजी बोलणारी होती. तरी त्यांच्या मते पाहणारी बाहुलीच होती, कारण वाक्याचा कर्ता तीच. नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना मात्र बरोबर कळलं, की पाहणारे आपण आणि दिसणारी ती.

मुलं का फसली, ते दोन वाक्यं शेजारी ठेवली की कळतं. ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९६० च्या दशकात ही जोडी प्रसिद्ध केली. कॅरल त्यांच्याच पत्नी. पहिल्या वाक्यातला जॉन दुसऱ्यांना खूश करायला उत्सुक आहे. दुसऱ्यातल्या जॉनला दुसरं कुणीतरी सहज खूश करू शकतं. फरक फक्त एका विशेषणाचा, पण तेवढ्याने खूश करणारा आणि खूश होणारा यांची अदलाबदल झाली. मला इंग्रजी व्याकरणातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. नामाची अधिक माहिती देणारा शब्द म्हणजे विशेषण, एवढंच आपण शाळेत पाठ करतो, आणि हे सगळं त्या व्याख्येच्या बाहेर राहतं.

विशेषण आपल्याभोवती शब्दांचा एक गट बांधतं. त्याला विशेषण पदबंध म्हणतात. ‘व्हेरी प्राउड ऑफ हर सन’ घ्या. यात ‘प्राउड’ हा मुख्य शब्द. आधीचा ‘व्हेरी’ किती ते सांगतो, नंतरचा ‘ऑफ हर सन’ कशाबद्दल ते सांगतो. नंतर काय यायचं हे ठरवतं मुख्य विशेषण: ‘प्राउड’ला ‘ऑफ’ लागतं, ‘गुड’ला ‘ॲट’, ‘कीन’ला ‘ऑन’. म्हणून विशेषण पाठ करायचं ते त्याच्या जोडीदारासकट. किती ते सांगणारे शब्द बहुतेक आधी येतात, पण ‘इनफ’ हट्टाने मागे राहतो: ‘टॉल इनफ’.

हा पदबंध वाक्यात मुख्यतः दोन जागी बसतो, नामाच्या आधी किंवा ‘इज’, ‘सीम्स’ अशा क्रियापदांनंतर. ‘द मदर इज प्राउड ऑफ हर सन’ चालतं, ‘अ व्हेरी प्राउड मदर’ही चालतं. पण ‘अ प्राउड ऑफ हर सन मदर’ असं कुणी म्हणत नाही. नामाच्या आधी बसायचं तर विशेषणामागे शेपूट चालत नाही. शेपूट हवंच असेल तर अख्खा पदबंध नामामागे जातो: ‘अ मदर प्राउड ऑफ हर सन’. मराठीत ही अडचण येत नाही. ‘गणितात हुशार मुलगी’ म्हणताना ‘गणितात’ हे ‘हुशार’च्या आधीच येऊन गेलेलं असतं आणि विशेषण नामाला खेटून उभं राहतं. हाच क्रम इंग्रजीत नेला की वाक्य अडखळतं. तिथे ‘अ गर्ल गुड ॲट मॅथ्स’ म्हणावं लागतं, किंवा सरळ ‘हू इज’ घालावं लागतं.

काही विशेषणांना तर एकच जागा चालते. ‘मेन’ आणि ‘मिअर’ नामाच्या आधीच येतात. ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ त्याच्या उलट. ‘द बेबी इज अस्लीप’ चालतं, पण ‘ॲन अस्लीप बेबी’ कानाला खटकतं, तिथे ‘स्लीपिंग’ लागतं. याचं कारण जुन्या इंग्रजीत सापडतं. या शब्दांच्या सुरुवातीचा ‘अ’ हे तेव्हाच्या ‘ऑन’चं झिजलेलं रूप आहे. ‘अस्लीप’ म्हणजे मुळात झोपेत, ‘अलाइव्ह’ म्हणजे जीवनात. ‘इन द गार्डन’सारखे शब्दगट इंग्रजीत नामाच्या आधी बसत नाहीत. ‘ऑन’ झिजून त्याचा ‘अ’ झाला, पण हे शब्द अजून तोच नियम पाळतात.