लिंकवर क्लिक न करताही पासवर्ड जातो, तो कसा?

नागपूरच्या इतवारीतल्या एका होलसेल दुकानात मी कॉम्प्युटर बघतो, तिथले अकाउंटवाले काका दर वेळी म्हणतात, "मी अनोळखी लिंकवर क्लिकच करत नाही भाऊ, मले काहून होईल काही?" सवय चांगलीच आहे त्यांची, पण 2023 मध्ये विंडोजवरच्या आउटलुक या मेलच्या प्रोग्राममध्ये जे भोक सापडलं त्यात लिंक नव्हती, अटॅचमेंट नव्हती, मेल उघडायचीही गरज नव्हती.

मीटिंगची आठवण द्यायला टिंग करून छोटी खिडकी येते ना, तिचा आवाज बदलता येतो, म्हणजे आवाजाच्या फाइलचा पत्ता द्यायचा. गोची अशी की हा पत्ता मेल पाठवणाराही आत लिहून पाठवू शकत होता, आणि तो तुमच्याच मशीनवरचा पाहिजे अशी अटच नव्हती. चोर दोन उलटे स्लॅश टाकून इंटरनेटवरच्या स्वतःच्या सर्व्हरचं नाव लिहायचा, आठवणीची वेळ मुद्दाम उलटून गेलेली टाकायचा, मग मेल येऊन पडली की आउटलुक लगेच घंटी वाजवायला धावायचं आणि विंडोज फाइल आणायला त्या सर्व्हरपाशी जाऊन, ऑफिसातल्या शेअर फोल्डरला देतं तशी तुमची ओळख देऊन मोकळं व्हायचं, कोणाला न विचारता.

पासवर्ड जसाच्या तसा जात नाही, त्याच्यापासून गणित करून काढलेलं उत्तर जातं, एनटीएलएम नावाच्या पद्धतीनं. पण चोराला तेवढं पुरतं. ते उत्तर लगेच दुसऱ्या सर्व्हरपुढं सरकवून तुमच्या नावानं आत शिरता येतं, नाहीतर घरी बसून लाखो पासवर्ड लावून बघता येतात, आणि 'नागपूर123' असला पासवर्ड असेल तर तो किती टिकणार!

युक्रेनच्या सायबर टीमनं हे मायक्रोसॉफ्टला कळवलं, 14 मार्च 2023 ला पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, आला, गंभीरता 10 पैकी 9.8. मला खरा त्रास होतो तो पुढच्या गोष्टीचा. मे महिन्यात कळलं की पत्त्यात एक ज्यादा चिन्ह घातलं की पॅचमधली तपासणी बाहेरच्या सर्व्हरला घरचाच समजते, मग विंडोजसाठी परत एक पॅच काढावा लागला.

काकांच्या मशीनवर अपडेट कधीचं अडकलेलं, जीएसटीच्या गडबडीत ते रोज पुढं ढकलत होते. राउटरवर 445 नंबरचा पोर्ट बाहेर जायला बंद केला, शेअर फोल्डर त्याच वाटेनं चालतात पण ते दुकानातल्या दुकानात, इंटरनेटवर त्याचं काय काम. मग काका डबा खायला बसले तेवढ्यात मीच मशीन रिस्टार्टला टाकली.