बार्शी लाइट रेल्वे: पाच टनांच्या हिशेबावर उभी राहिलेली गाडी

कुर्डुवाडी स्थानकाचं जुनं नाव बार्शी रोड. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबई-मद्रास मार्ग बार्शीची पेठ बाजूला ठेवून गेला आणि कापूस-धान्याच्या बैलगाड्यांना स्थानक गाठायला सुमारे ३५ किलोमीटर तुडवावे लागले. या तुटक जागेसाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली.

रूळ किती जड लागणार आणि पूल किती मजबूत बांधायचे, हे गाडीतल्या सर्वांत जड आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, ठरतं. एकच आस जड असला तरी सगळा मार्ग त्याच्यासाठी भक्कम करावा लागतो. म्हणून कॅलथ्रॉपने इंजिन, डबा, वाघीण (मालडबा), सगळ्यांना एकच मर्यादा घातली: एका आसावर ५ टन. मग ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर मीटरला जेमतेम १५ किलोचे रूळ पुरले. लीड्सच्या किटसन कारखान्यातल्या इंजिनांना ओढणारी आठ चाकं होती. ती चार आसांवर, म्हणजे पकडीसाठी २० टनांपर्यंत वजन, तेही रुळाला न दुखवता. मागचे दोन आस उरलेला भार घेत. वाघिणीही चार आसांच्या, दाबून घडवलेल्या पोलादाच्या. स्वतःचं वजन कमी, म्हणून माल जास्त. स्वस्त आणि तरीही दमदार रेल्वेचा इतका नेटका विचार त्या काळी क्वचितच झाला असेल.

पुढे १९०६ मध्ये पंढरपूर जोडलं गेलं. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी हे कंपनीचं मोठं उत्पन्न. १९११ मध्ये गाडी निजामाच्या हद्दीतल्या लातूरला पोहोचली, १९२७ मध्ये मिरजेला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर.

दुखणं मात्र पहिल्या दिवसापासून होतं. कुर्डुवाडीला दोन रुंदीचे रूळ शेजारी येत, पण वाघीण एकावरून दुसऱ्यावर जात नसे. प्रत्येक पोतं हमालांनी उतरवायचं, पुन्हा चढवायचं: मजुरी दुप्पट, खोळंबा वेगळा, फाटक्या पोत्यांची सांडलवंड वर. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे चाललं. ट्रक दुकानाच्या दारातून थेट बाजारात माल टाकू लागला, तेव्हा बांधणीत वाचवलेला पैसा या हाताळणीपुढे टिकेना.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत गेला. गाड्या त्यानंतर आणखी अर्धशतक धावल्या. ब्रॉडगेजचं काम कुर्डुवाडी-पंढरपूरपासून सुरू झालं, २००८ पर्यंत लातूरची बाजू पुरी झाली आणि मागाहून मिरजेची. लातूरच्या बाजूला नवा मार्ग वळवून उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, गाठण्यात आलं. नॅरोगेजच्या काळात या जिल्ह्याच्या ठिकाणाला येडशीवर उतरून जावं लागे.