मासळीचा वास आणि भिंतीवरचा हीटर

थंडीच्या दिवसात वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी आली की इकडं खाली साताऱ्यात आमच्या आजीला दुप्पट थंडी वाजायला लागते. घर जुनं, काळ्या दगडाचं, भिंती हात-दीड हात जाड, उन्हाळ्यात मस्त गार वाटतं पण जानेवारीत त्याच भिंती जीव खातात. म्हणून गेल्या वर्षी तिच्या खोलीत भिंतीवरचा हीटर आणला, एसीच्या धाकट्या भावासारखा दिसतो ना तो, २००० वॅटचा. खोलीत पॉवर पॉइंट नव्हता, मग मीच शहाणपणा करून कन्व्हर्जन प्लग, म्हणजे मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटला बसवणारा जोड, आणला आणि साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडून टाकला. आठवडाभर सगळं झकास. मग एका रात्री आजी आतून ओरडली, "अरे एवढ्या रात्री मासळी कोण तळतंय?" आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

वास सॉकेटचा होता. स्विच-सॉकेटचं काही प्लास्टिक जास्त तापलं की हुबेहूब मासळीसारखा वास येतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मेन बंद करून प्लग ओढला तर एक पिन काळीनिळी पडलेली आणि सॉकेटचं ते भोक तपकिरी होऊन वितळायला आलेलं. आणि हीटर? एकदम ठणठणीत!

सकाळी वायरमन आला, त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारला की एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, का नाही पडला. त्यानं नुसता सॉकेटचा स्क्रू फिरवून दाखवला, अर्धा आटा ढिला. बाकीचा हिशोब मी नंतर कागदावर केला तो असा. २००० भागिले २३० म्हणजे हीटर साधारण ८.७ अँपिअर खेचतो. ६ च्या सॉकेटमधनं ८.७, तिथंच पहिली चूक. आता स्क्रू किंवा पिन ढिली असली की धातूला धातू नीट टेकत नाही, अगदी एखाद-दुसऱ्या ठिपक्यावर टेकतो, आणि तिथं समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, तयार झाला. ज्यूलनं १८४१ मध्ये सांगून ठेवलंय की उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. त्या हिशोबानं त्या एवढ्याशा ठिपक्यावर साधारण ३६ वॅट निघतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेडिओवाल्याकडची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते! म्हणजे मी आजीच्या उशाशी रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवली होती असं समजा.

आणि गंमत म्हणजे या सगळ्यात करंट वाढतच नाही, उलट त्या जादा रेझिस्टन्समुळं किंचित कमीच होतो, ८.५ वगैरे. एमसीबी बिचारा फक्त करंट मोजतो, त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल. शॉर्टसर्किट झालं तर तो पडेल, त्याच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा जास्त लोड झाला तर पडेल, पण ढिला स्क्रू त्याला दिसतच नाही. त्यात हीटर रोज तापणार, थंड होणार, तांबं फुगणार-आकसणार, म्हणजे स्क्रू आणखी ढिला, आणखी गरम.

हीटरच्या आत मात्र बरीच अक्कल भरलेली असते. आमच्यात पीटीसी आहे, म्हणजे बेरियम टायटानेटसारख्या सिरॅमिकच्या चकत्या, त्या ठराविक तापमानाला पोचल्या की त्यांचा रेझिस्टन्स एकदम कैक पटीनं वाढतो आणि करंट आपोआप उतरतो. शिवाय जास्त तापलं तर बंद करणारा कटआउट. हीटर सारखा सारखा आपला आपण बंद पडत असेल तर तोच काहीतरी सांगतोय, जाळीत धूळ साचलीय किंवा पुढं पडदा आलाय, ते बघायचं, कटआउट बायपास करून घ्यायचा नाही. आणि बंद रिमोटनंच करा, बऱ्याच हीटरचा पंखा नंतर थोडा वेळ फिरून आतली उष्णता बाहेर काढतो, थेट बोर्डावरनं बंद केलं तर ती आतच कोंडते. मी स्वतः महिनाभर बोर्डावरनंच बंद करत होतो.

आता आमच्याकडं सगळेच म्हणतात "थोडा वेळ लावला की बास". आजीची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे आत जेमतेम ४० किलो हवा. २००० वॅटला एवढी हवा १० डिग्रीनं तापवायला साडेतीन मिनिटं पुरेत. प्रत्यक्षात तासभर लागतो, कारण हवा तापली की ती उष्णता दगड पिऊन टाकतो. म्हणून आपल्याकडच्या जुन्या घरात हीटर तासन्‌तास चालतो (तीन तासाला ६ युनिट, बिल आल्यावर कळतं), आणि तासन्‌तास चालणाऱ्या वस्तूला वायर, सॉकेट, अर्थिंग सगळं तयारीचंच पाहिजे. वायरमननं मग बोर्डापासनं ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढली, १६ अँपिअरचा पॉइंट दिला, तोही हीटरच्या बाजूला, गरम हवेच्या झोतात येणार नाही असा. एक्स्टेन्शन घरातनंच हद्दपार. अधनंमधनं मी अर्ध्या तासानं स्विच बंद करून प्लगच्या पाठीला हात लावून बघतो, कोमट असला तर चालतंय, हात ठेववत नसेल तर वायरमनला फोन. हीटरखालची कपडे वाळत घालायची दोरी पण काढली, यावरनं घरात थोडं वाजलं.

आजीचा एक हट्ट मात्र राहिलाय. हीटर "खोलीतला ऑक्सिजन खातो" म्हणते. विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, त्यामुळं ऑक्सिजन जातोय तो फक्त तिच्या श्वासात. घसा कोरडा पडतो तो दुसऱ्या कारणानं, १२ डिग्रीची हवा २४ ला नेली की तिची पाणी धरायची ताकद दुपटीला जाते, पाणी तेवढंच राहतं, म्हणून ती ओठांचं, घशाचं पाणी ओढते. पण आजीची भीती कोळशाच्या शेगडीची आहे, आणि ती शंभर टक्के खरी आहे. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि माणूस झोपेतच जातो. तिच्या लहानपणी शेगडी घरात घेतली की खिडकी बोटभर उघडी ठेवायचीच असा नियम होता. ती अजूनही ठेवते. थोडी गरम हवा बाहेर जाते, जाऊ दे, आम्ही काही बोलत नाही.