झाकणाखालचा खटका

टॉप लोड वॉशिंग मशीन पाणी भरतं, कपडे घुसळतं, घाण पाणी सोडतं आणि नेमकी पिळायची वेळ आली की थांबून बीप-बीप करत राहतं. ‘मोटर गेली’ किंवा ‘(मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक) बोर्ड गेला’ हे निदान अशा वेळी फार पटकन होतं. पण आत्ताच कपडे घुसळणारी मोटर एकाएकी कशी जाईल? आधी टबात डोकवावं. पाणी साचलेलं असेल तर दोष निचऱ्यात आहे. टब रिकामा असेल, तर पहिला संशय झाकणाच्या सुरक्षा स्विचवर घ्यावा.

हा स्विच कशासाठी असतो ते आकड्यांतून लगेच कळतं. साधारण 50 सेंटिमीटर व्यासाचा टब मिनिटाला 700 फेरे घेतो, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे 66 किलोमीटर असतो. कडेच्या कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ 135 पट जोर येतो. त्यात हात गेला आणि ओला टॉवेल मनगटाभोवती गुंडाळला गेला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून झाकण उघडं असताना टब वेगात फिरूच नये, अशी सोय केलेली असते.

बऱ्याच मशीनमध्ये हे काम मायक्रोस्विच करतो. त्यातल्या पातळ धातूच्या पातीची रचना मोठी सुंदर आहे. झाकण कितीही हळू बंद केलं तरी पात एका ठरावीक बिंदूपर्यंत नुसती ताणली जाते आणि तो ओलांडताच क्षणात पलीकडे उडी घेते. ऐकू येणारा ‘टक्’ तिचाच. ही उडी नसती, तर संपर्क हळूहळू सुटताना मधल्या फटीत ठिणगी रेंगाळली असती आणि धातूला खड्डे पडले असते. अमेरिकेत फिलिप मॅकगॉल यांनी 1932 मध्ये हा स्विच घडवला. काही मशीनमध्ये त्याऐवजी रीड स्विच असतो: काचेच्या बंद नळीत दोन पात्या आणि झाकणात चुंबक. चुंबक जवळ आला की पात्या एकमेकींना चिकटतात.

बिघाडाची कारणं साधी असतात. झाकणाची प्लास्टिकची जीभ झिजते किंवा तुटते, आणि मग स्विच चांगला असूनही दाबलाच जात नाही. दमट न्हाणीघरात संपर्कावर गंजाचा पातळ थर बसतो. नव्या मशीनमध्ये स्विचमधून बोर्डाकडे जाणारा करंट अगदी क्षीण असल्याने तो थर भेदला जात नाही.

तपासणीआधी प्लग काढाच. फक्त बटण बंद करून भागत नाही. मागचे स्क्रू काढून वरचं पॅनेल उचला, वायरींचा फोटो घ्या आणि कनेक्टर वायरीला न ओढता प्लास्टिकला धरून सोडवा. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) कन्टिन्युइटीवर, म्हणजे जोडणी सलग असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर ठेवून स्विचच्या दोन पिनांना टोकं लावा. बहुतेक स्विच दाबल्यावर मीटर बीप देतो आणि सोडल्यावर गप्प होतो. रीड स्विचजवळ फ्रिजवरचा चुंबक नेऊन हेच करता येतं. काही मॉडेलांत क्रम उलटा असतो, पण दोन्ही स्थितींत वाचन सारखंच आलं तर स्विच गेला. वाचन कधी येत, कधी जात असेल, तर वायर हलवून पाहा.

नवा स्विच घेताना मशीनच्या मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक दुकानदाराला दाखवा. नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. स्विचच्या दांडीचा कोन थोडा वेगळा असला तरी तो झाकणाला जुळत नाही. दोन वायरी पिळून स्विच ‘डायरेक्ट’ करून, म्हणजे कायमचा वगळून देणारे भेटतात. त्यांना ठाम नकार द्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

पॅनेल बसवून झाल्यावरच प्लग लावा आणि रिकामं मशीन स्पिनवर टाका. टबाने वेग घेतला की झाकण उघडा, हात मात्र बाहेरच ठेवा. टबाला लगेच ब्रेक लागून तो काही सेकंदांत थांबला पाहिजे. फिरतच राहिला, तर प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा.